एका माणसाचं पीठ

माझं घर घड्याळावर चालतं, असं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये सगळ्यांना ऐकवायचे. पाचला नळ, सव्वापाचला दूध, साडेपाचला पोळ्या, सहाला डबे, सहा वीसला शटल रिक्षा आणि सातच्या ठोक्याला कानाला हेडफोन. सुरतच्या दिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या दारावर मी एक तक्ताच चिकटवला होता. कोणी कधी काय करायचं, ते सगळं माझ्या सुवाच्य अक्षरात. त्यात सासूबाईंच्या नावाची एकच ओळ होती: 'दुपारी मुलांना वाढणे.' बाकी सगळीकडे हर्षदा, हर्षदा, हर्षदा. आलागेला तक्ता वाचायचा आणि 'धन्य आहे बाई तुझी' म्हणायचा. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

सासूबाईंचं नाव धुरपदाबाई. आमच्या खानदेशात सासूला आत्या म्हणतात, म्हणून त्या माझ्या आत्या. मोठे दीर सुकदेव भाऊजी नवागामला राहायचे, लूमच्या कारखान्यात कामाला होते. त्यांची बायको कुसुम आणि दोन मुलगे. आमचे हे, योगराज, डाइंग मिलमध्ये. आमचा हेमराज सहावीत आणि गायत्री तिसरीत. आत्या आमच्याकडे राहायच्या, म्हणून कानबाईही आमच्याकडेच बसायची.

कानबाई म्हणजे आमची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-दागिने घालून तिला चौरंगावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर न्यायचं. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. त्याचे नियम कडक. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मापटं धान्य, गहू आणि थोडी हरभऱ्याची डाळ. ते शनिवारी मापायचं, गिरणी धुऊन-पुसून घेऊन दळायचं, आणि रविवारी प्रत्येकाच्या नावाचं पीठ पुन्हा मापून त्याचा वेगळा गोळा मळायचा. आंघोळीशिवाय पिठाला हात लावायचा नाही. त्यातला कण भाऊबंदकीच्या, म्हणजे आमच्या कुळाच्या, बाहेरच्या माणसाच्या तोंडात जाता कामा नये.

हे माप गेली चाळीस वर्षं आत्यांच्या हातात होतं. तांब्याचं, एका बाजूला चेपलेलं छोटं मापटं. प्लेगच्या साली अर्धं सुरत पळालं, तेव्हा आम्ही कपाट उघडं टाकून गावाकडे निघालो होतो, पण आत्यांनी मापटं पदरात बांधून घेतलं होतं. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली होती.

त्या शनिवारी आत्या जमिनीवर बसून माप करत होत्या. एकेका मुलाचं नाव घ्यायचं आणि मापटं ओतायचं. आधी सुकदेव, मग त्याचे दोघे, मग योगराज, मग हेमराज. मधेच मोरीतली बादली भरून वाहायला लागली आणि मी गच्चीवरून ओरडले, "आत्या, नळ बंद करा!" त्या उठल्या, नळ बंद केला, परत जाऊन बसल्या. दळण बन्सीलालच्या गिरणीतून त्यांनी स्वतः समोर बसून आणलं. पितळी डब्यात भरलं, वर लाल फडकं बांधलं आणि डबा फळीवर ठेवला.

रविवारी माझी ड्यूटी आली होती. एक्सचेंजला रविवार नसतो, पण कँटीनला असतो. म्हणून ड्यूटीवरच्या आम्ही चौघीजणी डबा वाटून आणायचो. कोणाची भाजी, कोणाचा भात, कोणाच्या पोळ्या. ही पाळीही माझीच कल्पना, आणि तिचाही तक्ता होता. त्या रविवारी पोळ्या माझ्याकडे होत्या. बारा.

पहाटे कणकेचा डबा उघडला तर तळाशी ओंजळभर पीठ. शुक्रवारी दळण टाकायचं मीच विसरले होते. तक्त्यात 'शुक्रवार: दळण' असं लिहिलेलं, पुढे 'हर्षदा'. गिरणी आठच्या आत उघडत नाही. शेजारच्या कोळीबाईंकडे मागायला गेले असते, तर त्यांनी दिलं असतं. पण त्यांनी चार जणींना सांगितलं असतं, की हर्षदाच्या घरात पीठ नाही. एक्सचेंजमध्ये आमच्या चौघींतल्या विजयाताईंना 'आज पोळ्या नाहीत' म्हणाले असते, तर त्या हसून 'असू दे गं' म्हणाल्या असत्या. आणि ते 'असू दे गं' मला नको होतं.

मी विसरून घेतलं नाही. झोपेत घेतलं नाही. लाल फडक्याची गाठ मी स्वतःच्या हातानं सोडली, पारोश्या हातानं वाटी बुडवली, आणि दोनदा शीग लावून भरली. मग पीठ वरून सारखं केलं आणि गाठ होती तशी बांधली. 'एवढ्यानं काय होतंय' असं स्वतःशी म्हटलंही. देव्हाऱ्याकडे मात्र पाठ करून उभी राहिले होते, ते आजही आठवतं.

दुपारी विजयाताई म्हणाल्या, "हर्षदा, आज पोळ्या काय खमंग झाल्यात! काय घातलंस गं?"

"डाळीचं पीठ," मी म्हणाले. "थोडंसं." चौघींनी मिळून बाराच्या बारा पोळ्या संपवल्या.

तीनला घरी पोचले, तेव्हा भाऊबंदकी जमली होती. कुसुम पुरण वाटत होती. आत्या नऊवारी नेसून परातीसमोर बसल्या होत्या आणि पितळी डब्यातून पीठ मापत होत्या. सुकदेवचं झालं. दोन्ही नातवांचं झालं. योगराजचं झालं. मग हेमराजचं मापायला डबा तिरका केला, तर मापट्यात मूठभर पीठ पडलं आणि डबा वाजला.

आत्यांनी डब्यात हात घालून तळ चाचपला. मग पुन्हा चाचपला.

"गिरणीत ऱ्हायनं व्हई," कुसुम म्हणाली.

"नही वं. मी समोर बठेल व्हतू. जातं झाडीसन लयनू." आत्यांचा आवाज बारीक झाला. त्या बोटं मोडून नावं घ्यायला लागल्या. सुकदेव, त्याचा थोरला, धाकला... तिसऱ्या बोटावर त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "तू हाक मारी ना, नळ बंद करा म्हनीसन? मी उठनू. परत इसन बठनू, आणि हेमराजनंच माप टाकं." मग त्यांनी पदर तोंडात धरला. "योगराजले भुलनू मी. मनाच पोऱ्याले भुलनू वं, मनाच पोऱ्याले!"

त्या रडायला लागल्या. खोलीत पंधरा-वीस माणसं होती. मी दारात उभी होते, खांद्याला पर्स, पर्समध्ये रिकामा डबा. तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. 'आत्या, तुम्ही विसरला नाहीत, मी घेतलं.' पण मी काय केलं? पर्स खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि आत्यांना पाणी आणून दिलं. सगळे म्हणाले, बघा, ड्यूटीवरून आली आणि लगेच कामाला लागली. मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून तोंड उघडलं, असं काही झालं नाही.

हे हसून म्हणाले, "माय, एक वरीस माले रोट नही भेटना तं काय व्हई? तसाबी मी जाडा शे." कोणी हसलं नाही. बाहेरचं पीठ मिसळायला चालत नव्हतं. मग योगराजचं म्हणून मापलेलं पीठ हेमराजच्या नावावर केलं आणि योगराजच्या नावाचा, त्या मूठभराचा, एकच रोट झाला, बिस्किटाएवढा. आत्यांनी तो देवीपुढे ठेवताना कान पकडले.

सोमवारी तापीवर निघायच्या आधी कुसुम म्हणाली, "आत्या, तुमनं वय व्हयनं. पुढला साले माप मी करसू." सुकदेव भाऊजींनी मान हलवली. माणसं देवी घेऊन नदीच्या पाण्यात उतरली, तेव्हा त्या काठावर एकट्या बसून राहिल्या. दरवर्षी त्यांची फुगडी पाहायला बायका गोळा व्हायच्या.

त्यानंतर माझ्या घड्याळाचा एकेक काटा गळायला लागला. पहिल्याच मंगळवारी मला जाग आली ती सव्वासहाला. मी रोज पावणेपाचला आपोआप उठते, असा माझा समज होता. आपोआप कसली? आत्या रोज माझ्या पायाला हात लावून उठवायच्या. त्या दिवशी विचारलं, तर म्हणाल्या, "माले वाटनं, उठाडं मी तुले. का नही उठाडं?"

मग कळत गेलं. कणीक मी मळायचे, पण ती चाळून कोण ठेवायचं? भाजी मी फोडणीला टाकायचे, पण निवडलेली, चिरलेली कोणाच्या हातची असायची? गायत्रीची रिबन, हेमराजचे मोजे, दुधाची पिशवी, गाळलेलं पाणी. यातलं काहीच तक्त्यात नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं, कारण मला ते कधी दिसलंच नव्हतं. आता आत्या प्रत्येक गोष्टीपाशी थबकायच्या. गॅस बंद करून चार वेळा बघायच्या. भातात मीठ घातलं की नाही, या भीतीनं घालायच्याच नाहीत. मुलं शाळेतून आली की विचारायच्या, "तुम्ही जेवनात का रे?" गायत्री एकदा हसून गुजरातीत म्हणाली, "बा बद्धुं भूली जाय छे!" आजी सगळंच विसरते म्हणे. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण मी कधी हात उचलत नाही. तो धपाटा खरा कोणाच्या पाठीत बसायला हवा होता, ते मला ठाऊक होतं.

पोळा झाल्यावरच्या रविवारी सुकदेव भाऊजी आणि कुसुम देवीची पेटी न्यायला आले. पेटीत देवीची नथ, खण, तांब्याचं मापटं. आत्यांनी सकाळपासून मापटं चिंचेनं घासून लख्ख केलं होतं. पेटीत ठेवायचं आणि पुन्हा बाहेर काढून पुसायचं, असं चाललं होतं. भाऊजी म्हणाले, "माय, दे आते." आत्यांनी दिलं. लहान मूल हातातली वस्तू देतं, तसं, बोटं एकेक सोडवत.

माझ्याच्यानं बघवेना. "भाऊजी, थांबा," मी म्हणाले. "ते पीठ मी घेतलं होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं. संपलेली कणीक, बारा पोळ्या, दोन वाट्या, पारोसे हात, विजयाताई. भरभर सांगितलं, कारण थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "आत्यांचं माप बरोबर होतं. त्या कोणाला विसरल्या नाहीत. पेटी इथंच राहू द्या. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

मी शिव्यांची वाट बघत होते. खरं सांगते, मला त्या हव्या होत्या.

आत्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. त्यांच्या तळव्यांना चिंचेचा वास येत होता. "बेटा," त्या म्हणाल्या, "मनासाठे इतलं खोटं नको बोलू. देवीना पेटीसमोर तं नहीच. तू इतली शिकेल, इतली नेमनी. तू पारोसा हात लावशी का रोटना पिठले? माले समजस नही का?"

"आत्या, खरंच..."

"बस वं माय. मनं मन ठेवाकरता बोली ऱ्हायनी तू. तुनं मन मोठं शे."

कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. कधी नव्हे ती माझा हात धरून म्हणाली, "सासूकरता कोन इतलं आपला आंगवर लेस?" भाऊजी ह्यांना म्हणाले, "योगराज, नशीबवान शेस तू." आणि ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर तेरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं. 'विजयाताईंना विचारा' एवढंच म्हणायचं होतं. एक फोन, आणि फोन लावणं तर माझं कामच. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते बघणं मला गोड लागलं. त्या क्षणी, सगळं सांगून झाल्यावरही, गोड लागलं. मी तोंड मिटलं. पदरानं डोळे पुसले, तेही खरेच ओले होते. भाऊजींनी पेटी उचलली आणि ते दोघं रिक्षात बसून नवागामला गेले.

दुसऱ्या दिवशी मी गजर लावून पावणेपाचला उठले. दारावरचा तक्ता काढला आणि गॅसजवळच्या रद्दीत टाकला. ते काही मोठं काम नव्हतं. सहा वाजता आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात माझा डबा होता, भरलेला, झाकण नीट लावलेला, फडक्यात बांधलेला.

"हर्षदा," त्यांनी विचारलं, "तुना डबा भरा का वं मी?"