रिकामा बॉबिन

बाबा जाऊन तीन महिने झाले होते आणि बॉबिनने घराची पार दैना केली होती. सोफ्याची शिवण उसवली, पडद्याची झालर कुरतडली, आणि काल तर धाकट्याचा नवा बूट असा सोलला की चांभारानेही हात टेकले असते. बॉबिन म्हणजे बाबांचा कुत्रा. बाबांच्या शिंपीकामाच्या दुकानात वाढला म्हणून मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनचं हे नाव.

"रविवारी दूधवाला न्यायला येतोय त्याला," धाकटा म्हणाला. "त्याच्याकडे मोकळं रान आहे. आई, तू मध्ये बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय?" आई म्हणाली आणि बॉबिनचा कान उगाच कुरवाळत बसली.

थोरली पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने चार दिवसांची रजा टाकली. "कुत्रा व्रात्य नाही, रिकामा आहे," ती म्हणाली. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं झालंय त्याचं."

तिने तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली बिस्किट ठेवलं. बॉबिनने तिन्ही वाट्या पंजाने उलथल्या, बिस्किट मटकावलं आणि सरळ पडद्याकडे मोर्चा वळवला.

"असले पोरखेळ नव्हते त्याच्याशी खेळत तुझे बाबा," आई म्हणाली. "कामाला लावायचे त्याला."

थोरलीला ते दुकान आठवलं. इस्त्रीच्या वाफेचा उबट वास, खडूची धूळ, आणि कॉलेजमधून आल्यावर तिने बसायचं ते डुगडुगतं स्टूल. गिऱ्हाईक मापाला आपला जुना कपडा देऊन जाई. बाबा तो नव्या कपड्यासोबत गाठोड्यात बांधत, पण वर नावाची चिठ्ठी कधी लावत नसत. गिऱ्हाईक पुन्हा दारात उभं राहिलं की मशीनवरून मान वर न करता म्हणत, "कोण आलंय बघ रे. त्याचं काढ." बॉबिन माणसाला हुंगे, खालच्या फळीपाशी जाई आणि नेमकं त्याचंच गाठोडं ओढून आणे. "मालक कोण, तुम्ही की हा?" असं गिऱ्हाइकं विचारत, आणि बाबा म्हणत, "मी नुसता शिवतो."

थोरली कामाला लागली. शेजाऱ्यांकडून सहा रुमाल मागून आणले. प्रयोगात खोट राहू नये म्हणून एकाच साबणाने धुतले, इस्त्री केली आणि ओळीने मांडले. मग समोरच्या काकूंना दारात उभं केलं. बॉबिनने काकूंना हुंगलं, रुमालांवरून नाक फिरवलं आणि खाली बसून तो थोरलीकडे बघत राहिला.

तीन महिन्यांत आई पहिल्यांदा हसली. "अगं शहाणे, धुतल्या कपड्यात माणूस उरतो का?"

थोरलीही हसली. पण हसता हसता तिला आठवलं. बाबा गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचे सगळे कपडे गरम पाण्यातून तिनेच काढले होते. बॉबिन तेव्हा मोरीच्या दारात बसून होता.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः जिने चढली. "वापरलेला द्या हं," ती दारोदार सांगत होती. लोक संकोचले, पण त्यांनी दिले. रोज सकाळी तासभर कोणी ना कोणी दारात येऊन उभं राहू लागलं. बॉबिन एकदा चुकला, दोनदा चुकला, मग चुकेनासा झाला. काम संपलं की सतरंजीवर आडवा होऊन घोरायचा. पडद्याकडे ढुंकूनही बघेना.

रविवारी दूधवाला दोर घेऊन आला. धाकट्याने पट्टा काढून तयार ठेवला होता.

"भाऊ, आधी तुमचा रुमाल द्या," आई म्हणाली. तो तिने सगळ्या रुमालांच्या ढिगात मिसळला आणि अगदी बाबांच्या सुरात, हेल काढून म्हणाली, "कोण आलंय बघ रे. त्याचं काढ."

बॉबिनचे कान ताठ झाले. त्याने दूधवाल्याचे पाय हुंगले, ढिगात तोंड खुपसलं आणि घामट, दुधाळ वासाचा तो रुमाल आणून त्याच्या चपलेवर ठेवला.

दूधवाल्याने रुमाल उचलला, मग दोर गुंडाळला. "वहिनी, हा तर नोकरीवर आहे. याला कसा नेऊ?"

आई धाकट्याकडे बघत होती. त्याने खिशातला रुमाल काढला आणि ढिगावर टाकला.