सीतामाईची पेटी

“मालक, दिवा आत येऊ देऊ नका. पाया पडतो तुमच्या,” अब्बास फिल्मच्या लाकडी पेटीवर हात आडवा धरून म्हणाला.

वेणीमाधव गर्गे तंबूच्या दारात उभे राहून आरतीचं ताट घेऊन येणाऱ्या बायांकडे बघत होते. चौतीस सालची रामनवमी. पंचवटीत गोदेच्या वाळवंटात जत्रा फुलली होती, पण त्यांच्या तंबूकडे सकाळपासून कुत्रंही फिरकलं नव्हतं. नदीपलीकडे थेटरात बोलपट लागला होता. तिथला राम बोलत होता, वर गातही होता. यांच्या मुक्या चित्रपटाला कोण विचारतो!

एके काळी याच गृहस्थांनी केशतेलाच्या जाहिराती करून अर्ध्या खानदेशाला केस गळण्याची धास्ती लावली होती. टकल्यालाही फणी विकतील, असा त्यांचा लौकिक. मग डोक्यात सिनेमाचं खूळ शिरलं. कुणा शेटजीच्या दारी न जाता त्यांनी तपोवनात कॅमेरा लावला आणि सीतेच्या वनवासाचा चित्रपट काढला. सीता व्हायला घरंदाज बाई मिळेना, तेव्हा त्यांची बायको इंदिराच पदर खोचून उभी राहिली.

जाहिरातवाल्याचं डोकं स्वस्थ बसणारं नव्हतं. गावात खेळ असला की ते फिल्मची पेटी पालखीत घालून वाजतगाजत मिरवत. ‘सीतामाईची पेटी आली, दर्शनाला चला!’ बाया हळदकुंकू वाहत आणि मग सगळं घरदार घेऊन खेळाला बसत. आरती मात्र लांबूनच, हा अब्बासचा दंडक. सिनेमाच्या यंत्राचा दांडा तोच फिरवायचा. फिल्म ठिणगीनंही पेटते, हे त्याला ठाऊक होतं.

इंदिरा गेली त्याला वर्ष होत आलं होतं. घरात तिचा एकही फोटो नव्हता आणि वेणीमाधवांना त्याची गरजही वाटली नव्हती. प्रत्येक खेळाला ती पडद्यावर यायची, पायातला काटा काढायची आणि कॅमेऱ्यामागच्या नवऱ्याकडे बघून जराशी हसायची. वनवासात सीतेनं असं हसायला नको होतं. पण तो तुकडा कापणं त्यांच्या जिवावर आलं होतं. मूळ फिल्म ओल लागून कधीच खराब झाली होती. उरली ती पेटीतली एकच प्रत. आता प्रेक्षक आले नाहीत तर तंबू गुंडाळावा लागणार, आणि मग इंदिराही दिसायची बंद होणार.

अशा वेळी हा बायांचा घोळका घेऊन निफाडकडची भागीबाई दारात आली. हातात आरतीचं ताट.

“महाराज, पेटी उघडा की. मायला ववाळते. लय लांबून आलो.”

“उघड रे,” वेणीमाधव म्हणाले.

“मालक...”

“अरे, एवढ्या बाया खेळाला बसतील. उघड म्हणतो ना!”

अब्बासनं झाकण उचललं. भागीबाईनं डोळे मिटून ओवाळलं, मग माथा टेकायला वाकली. ताट कलंडलं आणि जळता कापूर फिल्मवर पडला.

अब्बासनं बायांना बाहेर ढकललं. माणसांनी पाणी ओतलं, वाळू टाकली. ती आग कुणाचं ऐकेना. वेणीमाधव आत धावले, तेव्हा अब्बासनं त्यांना कमरेला मिठी मारून धरून ठेवलं.

आग निवली. भागीबाई वाळूत बसून ऊर बडवत होती. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “सीतामाई अग्नीत शिरली!” झालं, सगळी जत्रा लोटली. नारळ फुटू लागले. एवढी गर्दी वेणीमाधवांच्या कुठल्याच जाहिरातीला जमली नव्हती.

“मालक, सांगा ना यांना. फिल्म जळाली म्हणावं,” भाजलेला हात पोटाशी धरून अब्बास म्हणाला.

आपणच पेटी उघडायला लावली, एवढं एकच वेणीमाधवांच्या मनात होतं.

भागीबाईचा नवरा पुंजाराम, त्यानं ओंजळीनं राख मडक्यात भरली. “चला महाराज. मायला गंगेत सोडू.”

झांजा वाजवत माणसं रामकुंडाकडे निघाली. बाया घरातली लेक गेल्यासारख्या रडत होत्या. चारचौघांसमोर पडद्यावर नाचली म्हणून इंदिरेच्या मयताला भाऊबंदांपैकी कुणी आलं नव्हतं. तिला अब्बासनंच खांदा दिला होता. आज वाट काढायला जागा नव्हती.

काठावर पुंजारामनं मडकं वेणीमाधवांच्या हातात दिलं. “तुमच्याच हातानं सोडा. तुमचीच ना पेटी?”

ते गुडघाभर पाण्यात उतरले. मडकं पोटाशी धरून तसेच उभे राहिले.

“माझी बायको होती हो,” ते म्हणाले.

झांजा वाजत होत्या. कुणाला ऐकू गेलं नाही.