इस्काचा खांदा

मित्रांनो, जुन्या कागदाला कोण विचारतं? तरी मी बोलणार आहे. माझ्या खालच्या कडेला तीन भोकं आहेत, त्यावरून समजा की मी मनिलातल्या एका ॲनिमेशन स्टुडिओतला. पांढरा होतो, आता पिवळा पडलोय.

माझा मालक एफ्रेन. चौदा वर्षं त्याचं काम एकच. परदेशातल्या चित्रकारांनी भराभर काढलेल्या कच्च्या चित्रांवर कोरा कागद ठेवायचा, खालून दिवा लावायचा आणि गिचमिडीतून एकच स्वच्छ रेघ ओढायची. त्याच्या रेघेला अख्ख्या स्टुडिओत तोड नव्हती. पण स्वतःचं म्हणावं असं एकही पात्र त्याच्या नावावर नव्हतं, आणि हे त्याला फार लागायचं.

मग एका वाहिनीनं नवी पात्रं मागवली. एफ्रेननं मला घरी, मनिलाजवळच्या मारिकिनाला नेलं आणि आईसमोर, म्हणजे त्याच्या नानायसमोर बसून एका दमात माझ्यावर एक मुलगी काढली. दहा वर्षांची, दातात दोरा धरलेली. नाव इस्का. त्याच्या आईचा, सालोमेबाईंचा, बुटांचे तळवे शिवून शिवून उजवा खांदा खाली उतरला होता. इस्काचाही तसाच उतरला.

सालोमेबाईंनी मला डोळ्यांजवळ धरलं आणि हसू लागल्या. "मेल्या, खांदासुद्धा सोडला नाहीस होय रे माझा!"

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस.

वाहिनीला पाठवायचं म्हणून एफ्रेननं माझ्यावर कोरा कागद ठेवला आणि दिवा लावला. उजेड माझ्या अंगातून वर जात होता, म्हणून मला सगळं दिसलं. त्याचा हात नेहमीच्या सवयीनं चालला. खांदा केसभर वर आला, मग आणखी थोडा. डोळे मोठे आणि सारखे झाले. इतकी वर्षं गिरवलेले परक्यांचे चेहरे त्याच्या बोटांतून उतरत होते. मला ओरडावंसं वाटलं, पण कागदाला कुठला आवाज?

वाहिनीतल्या बाई म्हणाल्या, सफाई सुरेख आहे, पण हिला आधी कुठंतरी पाहिलंय असं वाटतं. त्यांनी दुसऱ्या कुणाचं पात्र घेतलं.

घरी आल्यावर आईनं तो नवा कागद निरखून पाहिला आणि विचारलं, "कुणाची रे ही पोर?"

"परदेशातल्या लोकांची आहे, नानाय," एफ्रेन म्हणाला. आपल्याच इस्काला तो परकी म्हणाला. त्यानंतर त्यानं स्वतःचं काही काढलं नाही.

मी खणात गेलो. कसरीनं माझा एक कोपरा खाल्ला. तीन वर्षांनी सालोमेबाई गेल्या. शवपेटीजवळ ठेवायला ओळखपत्रावरचा एक फोटो तेवढा होता, मान ताठ करून काढलेला. त्या तशा कधीच दिसल्या नव्हत्या. एफ्रेन चित्र काढायला बसला, पण हातून पुन्हा तीच मोठ्या डोळ्यांची मुलगी उतरली. मग त्याला माझी आठवण झाली.

मला बाहेर काढून तो हमसून हमसून रडला. त्या उतरलेल्या खांद्यात आई त्याला सापडली होती. त्याची धाकटी बहीण लोर्डेस आपल्या दादाला म्हणाली, "कुया, हेच लाव. ही खरी आपली नानाय."

"लावतो," तो म्हणाला. "जरा नीट करून घेतो आधी."

त्यानं खोडरबर उचललं.

तेव्हापासून मी सरळ झालेला खांदा घेऊन भिंतीवर आहे. येणारेजाणारे म्हणतात, काय सुरेख चित्र आहे. एफ्रेन माझ्याकडे पाहत नाही. आपण काय केलं हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. पुन्हा काढायला बसला, पण समोर आई नव्हती.

मित्रांनो, तुमच्या माणसाचं चित्र वाकडं आलं, तर घाई करू नका. आधी त्या माणसाकडे नीट बघा. माणूस समोर आहे तोवरच बघता येतं.