फौजी उमेदवार

नानासाहेब हवालदार म्हणून निवृत्त होऊन आला, तेव्हा गावानं त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली होती. आता त्याच जीपमधून त्याचा सरपंचपदाचा प्रचार सुरू होता. फौजी माणूसच गाव वळणावर आणील, असं जो तो म्हणत होता. फौजेत तो काय करत होता, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

देवगाव रंगारीच्या बाजारात विरोधी गटानं जीप अडवली. एका पोरानं दगड भिरकावला आणि नानासाहेबाची भुवई फुटली. तो खाली उतरला. त्यानं त्या पोराचा हात असा पिरगाळला की खांदा निखळला. मग त्याला मातीत लोळवून त्यानं गळ्यावर गुडघा रोवला. पोराचे डोळे पांढरे झाले, पाय झाडता झाडता थंडावले. लोक शिट्ट्या मारत होते, मोबाइल वर धरून शूटिंग करत होते.

शेवटी त्याची बायको सरूबाई गर्दीत घुसली आणि केस धरून तिनं त्याला मागं ओढलं. पोरगं रक्त ओकलं, पण जगलं.

"असाच सरपंच पायजे," म्हणत लोकांनी नानासाहेबाला खांद्यावर घेतलं.

माघारीची मुदत अजून संपली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं अर्ज मागं घेतला, तसे सगळे जाब विचारायला दारात जमले.

"फौजेत बंदूक माझ्याच हातात व्हती," तो म्हणाला, "पर थांब म्हणायला वर साहेब व्हता. काल तुमच्यातलं एक तरी माणूस थांब म्हणलं का?"