वरचे थर

संगणकावरच्या गणितासाठी ताऱ्याच्या वातावरणाचे चाळीस थर आम्ही दोघांनी वाटून घेतले होते. वरचे वीस श्रीनाथचे, खालचे वीस माझे. तो नांदेडला, मी रेणापूरला बाबांजवळ. प्रत्येक थरात हायड्रोजनचे काही अणू इलेक्ट्रॉन सुटून फुटलेले, काही शाबूत. जितके फुटतात तितकेच परत सांधले गेले, की तो थर समतोलात आला. दर रविवारी आम्ही फोनवर सीमेवरचे आकडे ताडून बघायचो, त्याच्या विसाव्या थराचे आणि माझ्या एकविसाव्याचे.

दोन वर्षं आकडे जुळेनात. चूक सापडली तेव्हा मी कपाळावर हात मारला. सोयीसाठी सुरुवातीलाच आम्ही ठरवलं होतं, की त्याचे थर आहेत तसेच धरायचे आणि बदल फक्त माझ्या थरांत करायचा. अहो, सगळा उजेड येतो खालून! मग वरच्यांनी जागचं हलायचंच नाही?

"बदलतो," श्रीनाथ म्हणाला. आणि पुढे, "रविवारी आई तुमच्याकडे यायला तयार झालीय. आपल्या लग्नाचं बोलायला. फक्त, बैठकीतला बाबासाहेबांचा फोटो तेवढा दोन तास आत ठेवशील?"

तिथंच फोन आपटायला हवा होता. नाही आपटला. प्रेमात मी इतकी लाचार होईन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्याशी भांडले असते.

बाबांना सांगताना माझी मान वर होईना. वीज मंडळात लाइनमन म्हणून जन्म काढलेला माणूस. तो फोटो त्यांच्या वडिलांनी आणलेला. रविवारी सकाळी बाबा स्वतः स्टुलावर चढले, फोटो उतरवला, धुतलेल्या पांढऱ्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवला. मग पोह्यांसाठी कांदे चिरायला बसले.

दुपारी चारला श्रीनाथचा मेसेज आला. आई ऐनवेळी नाही म्हणाली, मला तिला दुखवता येणार नाही. सोबत फाइल होती: वरचे थर बदललेत, आता जमेल.

मी आकडे घातले. तिसऱ्या फेरीत चाळीसही थर समतोलात आले. मी तिथंच ढसाढसा रडले.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "न्हाई आले का?"

"नाही."

ते कपाटापाशी गेले. दाराला हात लावला आणि न उघडताच माझ्याकडे वळले.

"धम्मा, लावू का आता परत?"

स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीसाठी, माझे बाबा मला विचारत होते.