प्रार्थनेची विनंती

"अजून एक विनंती आहे," असं म्हणून दीपक बाकावरून उठला. शेजारी बसलेल्या एबेनने वर पाहिलं नाही. "माझ्या थोरल्या मुलासाठी प्रार्थना करा. त्याच्या निष्काळजीपणामुळे गावातल्या बनाबाईंच्या हाताला मोठी दुखापत झाली आहे. प्रभूने त्याला क्षमा करावी आणि जबाबदार माणूस बनवावं."

चर्चमध्ये उभं राहिलं की दीपक असं छापील बोलायचा. घरी आणि गिरणीवर त्याची भाषा निराळी.

मंडळीने डोळे मिटले. नारायणराव हे मंडळीचे सगळ्यांत जुने पंच, आवाज अजून खणखणीत. त्यांनी एबेनचं नाव घेऊन घेऊन प्रार्थना केली. प्रभू, या लेकराचं चित्त ठिकाणावर आण, याचा मोबाईलचा नाद सोडव, याच्या हातून पुन्हा कुणाचं रक्त न सांडो. मोबाईलचं त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे! पण प्रार्थना रंगात आली की नारायणराव पदरचं थोडं घालायचेच. शेवटी सगळे आमेन म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने दीपक म्हणाला.

आता खरी गोष्ट अशी, की निष्काळजीपणा एबेनचा नव्हताच. दीपकचा होता. त्या चर्चमध्ये हे दोघांनाच माहीत होतं, बापाला आणि मुलाला. देवालाही असणारच, पण त्या सकाळी तो काही बोलला नाही.

अमडापूरला स्टँडजवळ दीपकची पिठाची गिरणी आहे. उन्हाळ्यात शेवया-पापडांचे दिवस आले की बायकांच्या डब्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. नेमकी त्याच दिवसांत मोटरच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी निखळली. दीपकने ती स्वतःच्या हाताने काढली आणि शेजारी हबीबभाईच्या वेल्डिंगच्या दुकानात नेऊन टाकली.

"लाइट नाही धड," हबीबभाई म्हणाला. "टाइम लागेल. तवर गिरणी बंद ठेव."

"सीझनमध्ये कोणी बंद ठेवते का, भाई?" दीपक हसून म्हणाला, आणि उघड्या पट्ट्यावर दळण सुरू ठेवलं.

एबेन बारावीची परीक्षा देऊन मोकळा होता, म्हणून गिरणीवर यायचा. त्याने विचारलं होतं, "पप्पा, जाळी?"

"मी हावो ना इथं. तू दळण टाक."

मग दीपक चहाला गेला. बनाबाईचा डबा कलंडला. सांडलेले गहू गोळा करायला म्हातारी वाकली आणि तिचा हात पट्ट्यात गेला. एबेनने झडप घालून बटण बंद केलं, म्हणून दोन बोटांवर निभावलं.

दीपक धावत आला तेव्हा गिरणीसमोर ही गर्दी. "काय झालं बे? कोण होतं गिरणीवर?" कुणीतरी ओरडलं. आणि दीपकच्या तोंडून निघून गेलं, "पोट्टं होतं. कितीक खेपा सांगतलं याले, जाळी लावल्याबिगर बटन दाबत नोको जाऊ म्हून. आयकतच नाही!"

हे त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. पण निघून गेल्यावर परतही घेतलं नाही. एबेन अंगातला शर्ट काढून बनाबाईच्या हाताला गुंडाळत होता. त्याने एकदाच बापाकडे पाहिलं आणि म्हातारीला उचलून मोटरसायकलवरून दवाखान्यात नेलं. हबीबभाई दुकानाच्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं, आणि आत जाऊन कामाला लागला.

दीपकने मनाची समजूत घातली. पोराला लोक माफ करतात, चार दिवसांत विसरतात. मालकाचं नाव खराब झालं तर गिरणी बसते. हे एक वेळ ठीक. भ्याला माणूस, चालायचंच. पण चर्चमध्ये? तिथे तर त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तिथे तो उठला तो निव्वळ मोठेपणासाठी. पोटच्या पोराची चूकसुद्धा झाकत नाही असा बाप, हे लोकांना दिसावं म्हणून. आणि दिसलंही. उपासना संपल्यावर दोघा-तिघांनी त्याचा हात हातात घेतला. "बाप असावा तं असा," नारायणराव म्हणाले. दीपकने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

दीपकच्या पोरांचं तसं मंडळीत नावच होतं. थोरला एबेन, धाकटा योएल. रोज संध्याकाळी जेवणाआधी घरात प्रार्थना व्हायची, आणि प्रार्थनेनंतर त्या दिवशीचं जे काही चुकलं असेल ते कबूल करायचं. दीपकचा एक नियम होता. चूक एकट्यात केली असेल तर एकट्यात सांग, चारचौघांत केली असेल तर चारचौघांतच कबूल कर. एबेन नऊ वर्षांचा असताना त्याने नारायणरावांच्या मळ्यातले पेरू चोरले आणि मंडळीच्या पोरांसमोर बढाई मारली होती, की नारायणरावांनीच मला पेरू तोडायला सांगितले. दीपकने त्याला पुढच्या रविवारी भर मंडळीत उभं केलं. पोराची चड्डी ओली व्हायची बाकी होती. पूनम, त्याची आई, पदराने डोळे पुसत होती. पण एबेन बोलला. दीपकला त्या दिवशी अभिमानाने रडू आलं होतं.

चर्चमधल्या त्या प्रार्थनेच्या रविवारी रात्री जेवता जेवता योएलने विचारलं, "पप्पा, दादा जवा मंडळीत सॉरी म्हणीन, तवा मी बी जवळ उभा राहू का?"

"जेव गुमान," दीपक म्हणाला.

पुढच्या रविवारी बाप्तिस्मा होता. नारायणरावांच्या मळ्यात विहिरीजवळ मोठा हौद आहे, त्यात व्हायचा. बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या एका बाजूला पाळकसाहेब उभे राहतात, दुसऱ्या बाजूला एक पंच. दोघं मिळून त्याला पाण्यात बुडवून वर काढतात. गेली कितीतरी वर्षं तो पंच दीपकच असायचा. गावातल्या कितीतरी पोरांच्या पाठीला त्याने पाण्यात हात दिला होता, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं होतं, असाच एक दिवस माझ्या एबेनच्या पाठीला देईन. यंदा एबेनचं नाव यादीत होतं. पूनमने पांढरा सदरा शिवून ठेवला होता.

पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांसमोर साक्ष द्यावी लागते. आपलं काय चुकलं, प्रभूने काय केलं, ते आपल्या शब्दांत. पाळकसाहेब आठवड्याच्या मधेच घरी आले, साक्षीची तयारी ऐकायला. एबेन त्यांना पाणी देऊन म्हणाला, "माझं नाव काढून टाका. माझ्याजवळ साक्ष नाही."

पाळकसाहेब समजूतदार माणूस. "रविवारपर्यंत विचार कर," म्हणाले आणि उठले. जाताना दीपकच्या खांद्यावर हात ठेवून हळूच बोलले, "बनाबाईंचं फार लागलेलं दिसतं त्याला."

दीपकने एबेनला मागच्या अंगणात गाठलं.

"काऊन रे? आई सदरा शिवून बसली ना!"

"मंग काय सांगू तिथं?" एबेन म्हणाला. "खरं सांगतलं तं तुमचं नाव जाते. अन् खोटं बोलून मले पाण्यात उतरायचं नाही. राहू द्या ना, पप्पा. पुढच्या वर्षी पाहू."

तो हे चिडून बोलला नाही. चिडला असता तर दीपकला बरं वाटलं असतं. त्याने बापाला वाचवायची सोय करून ठेवली होती, आणि ती अगदी साध्या आवाजात सांगितली होती. दीपकला त्याच्याकडे बघवेना. लाज वाटली, स्वतःच्या पोराची लाज वाटावी तशी नव्हे, स्वतःची.

शनिवारी दुपारी तो बनाबाईच्या घरी गेला. म्हातारी ओट्यावर बसली होती, हाताला पांढरं बँडेज. दीपकने उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. "मावशी, जाळी म्या काढली होती. पोट्ट्याचा काई दोष नाही."

"मले काय डोळे नाहीत?" बनाबाई म्हणाली. "जाळी होती कुठं तिथं! बस." मग स्वतःच हसली. "तुह्यं पोट्टं रोज येते बाप्पा. पाणी भरून देते, भाकरी आणून देते. म्हणते, आजी, माह्याच्यानं झालं. म्या म्हणलं, झालं तं झालं, दळण तं नीट करून देजो."

"त्याच्यानं नाही झालं, मावशी."

"हाव रे. आता सांगतलंस ना. जाऊ दे."

इतक्या स्वस्तात सुटू असं दीपकला वाटलं नव्हतं. तो घरी आला तो जवळजवळ धावतच. एबेन मोटरसायकल धूत होता.

"बनाबाईले सांगतलं म्या," दीपक म्हणाला. "समदं खरं सांगतलं. तिनं माफ केलं. आता उद्या सदरा घालजो."

एबेनने हातातलं फडकं पिळलं. "बरं केलं, पप्पा. तिले सांगायलेच पाह्यजे होतं." मग तो म्हणाला, "पण तिच्याजवळ नव्हतं ना म्हणलं तुम्ही. सगळ्यायसमोर म्हणलं होतं."

चारचौघांतलं चारचौघांत, हा नियम दीपकनेच तर शिकवला होता, आणि पोराने तो मनापासून धरला होता. आपण मात्र तो पोरांपुरताच ठेवला.

तरी त्याने एक हिशोब मांडलाच. सांगायचं, पण बाप्तिस्मा झाल्यावर. कारण मंडळीची रीत त्याला ठाऊक होती. पंचाने मंडळीसमोर दोष कबूल केला की तो सेवेतून खाली उतरतो, मंडळी पुन्हा उभं करेपर्यंत. मग हौदात त्याच्या जागी दुसरं कुणीतरी असणार. हे एवढंच एक तर मागितलं होतं त्याने आयुष्यात! बुडवतानाचा तो एक क्षण, पोराच्या पाठीखाली आपला हात. एबेनला आज कसंबसं पाण्यात उतरवू, आणि पुढच्या रविवारी सगळं सांगू. असं ठरवून तो सकाळी मळ्यात गेला.

हौदाभोवती मंडळी जमली होती. बायका निंबाच्या सावलीत. पाळकसाहेब आणि दीपक कमरेएवढ्या पाण्यात. दोन पोरींचे आणि एका पोराचे बाप्तिस्मे झाले. पूनमने आग्रह करूनही एबेन सदरा न घालता रोजच्याच शर्टात आला होता. त्याचं नाव पुकारलं.

"माझी साक्ष नाही," तो काठावरून म्हणाला.

कुजबुज झाली. नारायणराव पुढे आले, दोन्ही हात जोडून. "बाळा, मन कठीण नको करू. गिरणीवर जे झालं ते झालं. प्रभू मोठमोठ्या पाप्यांना जवळ करतो. आम्ही सगळ्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली ना? एवढा चांगला बाप तुला..."

"नारायणराव, थांबा," दीपक म्हणाला.

तो जे बोलला ते छापील नव्हतं. मंडळीसमोर गिरणीवरच्या भाषेत तो पहिल्यांदाच बोलत होता.

"जाळी म्या काढली होती. पोट्ट्यानं इचारलं, तं म्याच म्हणलं दळण टाक. अन् चाहाले निघून गेलो. मंग लोकायसमोर त्याच्यावर ढकललं. तेवढ्यानं भागलं नाही, तं तुमच्यात उभा राहून त्याच्यासाठी प्रार्थना करायले लावली. थे खोटं होतं. देवासमोर खोटं होतं. मले माफ करा. उद्या गिरणीवर बी सांगतो सगळ्यायले." त्याने वर पाहिलं. "एबेन, तुह्यी बी माफी मांगतो, बाबू."

पूनमने तोंडावर पदर धरला. नारायणरावांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. मग पाळकसाहेब म्हणाले, "दीपकभाऊ, वर या." आवाजात राग नव्हता, पण रीत ती रीत.

दीपक पायऱ्या चढून वर आला. नारायणराव अंगातल्या कपड्यांसकट पाण्यात उतरले आणि त्याच्या जागी उभे राहिले.

एबेन बापाकडे बघत होता. मग त्याने चपला काढल्या आणि तसाच पाण्यात उतरला. "साक्ष देशील?" पाळकसाहेबांनी विचारलं. त्याने मान डोलावली.

"मी पप्पांवर लई राग धरला होता," तो म्हणाला. "तोंडानं काही बोललो नाही, पण मनात लई वाईट बोललो. देवानं मला माफ करावं."

बस, एवढंच. दीपकला वाटलं, खोटा मी बोललो आणि माफी हा मागतो. समोर नारायणरावांचा म्हातारा हात एबेनच्या पाठीखाली गेला, एबेन मागे झुकला, पाण्यात दिसेनासा झाला आणि वर आला. लोकांनी गाणं सुरू केलं. दीपक बायकांच्या शेजारी, निंबाखाली उभा होता. आयांनी आपापल्या पोरांसाठी टॉवेल आणले होते. पूनमने तिच्याकडचा त्याच्या हातात दिला, कारण तिला रडू आवरत नव्हतं.

एबेन निथळत वर आला. नातलग, मित्र, सगळे त्याच्याकडे सरकले. तो त्यांच्यामधून वाट काढत थेट बापासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने डोकं खाली केलं. आता तो बापापेक्षा उंच होता, त्यामुळे त्याला चांगलंच वाकावं लागलं.

दीपकला कळेना काय करावं.

"पुसा ना पप्पा," एबेन म्हणाला. "कानात पाणी गेलं."

दीपकने टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला आणि पुसू लागला. एप्रिलचं ऊन, केस केव्हाच कोरडे झाले. तरी तो पुसतच राहिला, आणि एबेनने डोकं वर केलं नाही.