यमदूत भेटीला येतो

डोंबिवलीच्या आमच्या नाटकमंडळीत निम्मे कलाकार बौद्धिक अपंगत्व असलेले, पण नियम सगळ्यांना एकच: दिग्दर्शक भावनाताई तोंडाने ‘सुटलास’ म्हणेपर्यंत भूमिका सोडायची नाही.

चाळिशीतल्या गुणाजीकडून यमदूताची भूमिका काढून एका बँक मॅनेजरला द्यायचं ताईंनी ठरवलं. गुणाजीला ते कळेपर्यंत ताईंच्या घशाचं ऑपरेशन होऊन बोलणं बंद झालेलं.

तो काळ्या कपड्यांत, हातात फास घेऊन वॉर्डात आला.

“कोणाला न्यायला आलात?” शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी विचारलं.

“ताईंनी सोडलं की जाईन.” गुणाजी स्टूलवर बसला.

ताईंनी हातानेच सुटल्याची खूण केली.

“तोंडाने सांगा. मला घाई नाही.”

फासाकडे बघत ताईंनी मॅनेजरला ‘तुम्ही नको’ असा मेसेज पाठवला आणि गुणाजीला दाखवला.

“म्हणजे मी अजून यमदूतच,” तो म्हणाला आणि त्याने स्टूल आजोबांकडे वळवलं.